३ पाठवायचाय? मग एक्सएमएलशिवाय पर्याय नाही

तर पात्राव, कळंगुटच्या हॉटेलात किती खोल्या रिकाम्या आहेत ते पणजीच्या ऑफिसातल्या सर्व्हरला कळवायचंय आणि उत्तर आहे ३. कोणीतरी अतिशहाणा सांगेल की जेसनमध्ये (डेटा लिहायची साधी, आटोपशीर पद्धत) टाक आणि मोकळा हो. त्याचं अजिबात ऐकू नका, आकडा असा उघडाबोडका पाठवतात होय, लोक काय म्हणतील!

त्याला एक्सएमएलचे कपडे घाला, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याभोवती नावाचे टॅग गुंडाळा. सुरुवातीला एक्सएमएल-आरपीसी घ्या, एक्सएमएलमध्ये निरोप पाठवून दुसऱ्या कॉम्प्युटरकडून काम करून घ्यायची पद्धत. १९९८ चा माल, प्रोग्रॅमर डेव्ह वायनर आणि मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी काढलेला. त्यात तुमचा ३ इंट नावाच्या टॅगमध्ये जातो, इंट व्हॅल्यूत, व्हॅल्यू पॅराममध्ये, पॅराम पॅराम्समध्ये, पॅराम्स मेथडरिस्पॉन्समध्ये, आणि मग सगळे टॅग उलट्या क्रमाने नाव घेऊन बंद करायचे. एका अक्षरासाठी शंभरावर बाइट! पण यात एक खोट आहे, स्पेसिफिकेशन एका बैठकीत वाचून संपतं. असल्या गोष्टीला क्लायंट कन्सल्टिंगचे पैसे देत नसतो.

म्हणून सोप (SOAP), त्याच कामाचा जास्त अवजड प्रोटोकॉल. एन्व्हलप, हेडर, बॉडी, नेमस्पेस आणि वर डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हरला काय विचारता येतं त्याचं वर्णन, जे हाताने कोणी लिहीत नाही आणि डोळ्याने कोणी वाचत नाही. तुमच्या जावाच्या टूलने जनरेट केलेलं समोरच्याच्या डॉटनेटला पचत नाही, मग मेसेज कसा बांधायचा, आरपीसी-एन्कोडेड की डॉक्युमेंट-लिटरल, यावर मीटिंगा सुरू होतात, मध्ये चतुर्थी येते, अर्धी टीम गावाला जाते, आणि बिल चालूच. कुठल्याही दोन सिस्टिम एकमेकांशी बोलाव्यात म्हणून काढलेला हा प्रोटोकॉल, आणि त्याच्या वेगवेगळ्या अवतारांचं आपसात जमावं म्हणून २००२ मध्ये डब्ल्यूएस-आय नावाची वेगळी संस्था काढावी लागली. अजून काय पाहिजे?

सिक्युरिटीची काळजी नको. एक केबीपेक्षा लहान फाइलमध्ये एंटिटीत (लांब मजकुराचं छोटं नाव) एंटिटी अशा दहा पातळ्या रचल्या की भोळा पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) त्या उलगडत जवळपास ३ जीबी मेमरी खातो. सर्व्हर झोपला की सांगायचं, सीझनचं ट्रॅफिक आहे.

कोणी हसलं तर त्याला विचारा, म्हापशाच्या बाजारात क्यूआर स्कॅन करून बांगडे घेतोस ना? मागे बँकांमध्ये यूपीआयचे मेसेज एक्सएमएलमध्येच फिरतात. (तिथे ते बरोबरच आहे हां, स्कीमा (मेसेजचा ठरलेला साचा) पक्का, मेसेजवर डिजिटल सही, एवढ्या बँकांचा व्यवहार. तुमच्या तीन खोल्यांचं तसं काही नाही, पण ते बोलायचं नाही.)

आणि सोप झेपलं नाही म्हणून एक्सएमएल-आरपीसीवरच राहिलात तर एक लक्षात ठेवा, मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नल, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ सांगायची खूण, नाहीच. रेट अजून ठरला नसेल तर ० पाठवा. मग कोणी ३१ डिसेंबरची सी-व्ह्यू खोली शून्य रुपयांत बुक करून बॅगा घेऊन रिसेप्शनला उभा राहिला, तर त्याला आधी कोकम सरबत द्या, आणि डेटाटाइपचा तक्ता समजावून सांगायला डेव्हलपरला खाली पाठवा.