‘दोनदा हेड गॅस्केट, आता पिस्टन’ या रिव्ह्यूला गॅरेजकडून उत्तर

नमस्कार,

तुमचं म्हणणं असं, की एस्टीमच्या १३०० सीसी इंजिनावर आमच्याकडून टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) करून घेतला, नंतर दोनदा हेड गॅस्केट (इंजिनाचं वरचं झाकण म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं, आता पिस्टन फुटला, म्हणजे आम्ही डुप्लिकेट पार्ट घातले. एवढा खर्च करून गाडी उभी राहिली तर कोणीही चिडेल. पण इंजिन आता फोंड्याला आमच्या टेबलावर उघडं आहे, आणि त्यात दिसतंय ते वेगळं आहे.

तिसऱ्या पिस्टनची पहिल्या आणि दुसऱ्या रिंगमधली कड तुटली आहे. माथ्यावर कडेकडेने वाळूचा मारा बसल्यासारखे बारीक खड्डे आहेत आणि प्लगच्या पांढऱ्या भागावर अ‍ॅल्युमिनियमचे चकाकणारे कण चिकटलेत. ही खूण नॉकिंगची, म्हणजे सिलिंडरमधलं हवा-पेट्रोलचं मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटण्याची. रिंग गॅप (रिंगच्या दोन टोकांमधली फट) कमी पडला असता तर रिंगची टोकं एकमेकांवर घासून चकचकीत झाली असती. तशी ती नाहीत. ७४ मिमी बोअरला (सिलिंडरच्या व्यासाला) आम्ही गॅप ०.४० मिमी ठेवला होता. टर्बो नसता तर ०.३० पुरला असता.

नॉकिंग कशामुळे? वेस्टगेटच्या (टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा वाढू न देणाऱ्या झडपेच्या) नळीत एक पितळी ब्लीड व्हॉल्व्ह बसवलेला सापडला. तो आमचा नाही. त्यातून थोडी हवा बाहेर जाते, वेस्टगेटला दाब कमी कळतो आणि तो उशिरा उघडतो. स्टँडर्ड पिस्टनवर बूस्ट (टर्बोचा जादा दाब) ०.४ बारच्या वर नेऊ नका, हे बिलावर लिहून दिलंय. ०.४ चा ०.८ केला की हवा सुमारे २८ टक्के वाढते. पेट्रोलही तेवढंच वाढायला हवं, पण पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आधीच्या हिशेबाचे, वर ठिणगीचं टायमिंगही जुनंच. त्यात भर म्हणजे आम्ही दिलेला ७ नंबरचा थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) प्लग काढून कोणीतरी ५ नंबरचा गरम प्लग लावला आहे!

दोन्ही गॅस्केट तुम्ही दुसरीकडे बदलून घेतलीत. दोन्ही वेळा हेडला फेसिंग मारलं गेलं, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केला गेला. आमच्या शीटवरच्या जाडीपेक्षा हेड आज ०.६ मिमी कमी भरतं. चेंबरमधले जवळपास २ सीसी गेले आणि ८.८ चं कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९.२ वर पोचलं. म्हणजे नॉकिंगमुळे गॅस्केट जायचं, फेसिंगने नॉकिंग आणखी वाढायचं, आणि नवं गॅस्केट त्याच माराखाली बसायचं. एकच पार्ट पुन्हा पुन्हा जातो तेव्हा तो पार्ट बदलून भागत नाही. ब्लॉकच्या बोल्टच्या भोकांत जुनं ऑइलही साचलेलं होतं. अशा वेळी टॉर्क रेंच बोल्ट पुरेसा आवळल्याचा ‘कट’ आवाज करतो, पण हेडवर दाब पूर्ण येत नाही.

रॉकर कव्हरमधून ऑइल गळतं म्हणालात, त्याचं कारण किरकोळ: ब्रीदरचा (इंजिनाच्या आतली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीचा) वनवे व्हॉल्व्ह उलटा लावला आहे. बूस्ट थेट क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागात) जातो आणि ऑइल बाहेर ढकलतो.

पुढचं काम असं करू. फोर्ज्ड (घडीव, जास्त मजबूत) पिस्टन, नवे हेड बोल्ट, भोकं टॅप मारून हवेने साफ. हेडवर सरळ पट्टी ठेवून तिच्याखाली ०.०५ मिमीचा फीलर (फट मोजायचं पातळ पातं) आत जाता कामा नये. गेला तरच फेसिंग. जाड मेटल गॅस्केट घालून कॉम्प्रेशन परत ८.८ वर. ०.८ बारच हवा असेल तर मोठे इंजेक्टर आणि नवा मॅप (पेट्रोल आणि टायमिंगचं कॉम्प्युटरमधलं सेटिंग) घ्यावाच लागेल. फुल बूस्टला लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; १ म्हणजे नेमकं, त्याखाली पेट्रोल जास्त) ०.८० च्या आसपास हवा, आणि तो चोर्ला घाटात लोडवर लॉग करून बघू. आकडा लॅम्बडातच वाचा, ई२० मध्ये (२० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये) साध्या पेट्रोलचा ‘एक भागाला १४.७ भाग हवा’ हा हिशेब चुकतो.

पार्टचे पैसे तुमचे, मजुरी अर्धी धरू. फुटलेला पिस्टन, प्लग आणि तो पितळी व्हॉल्व्ह ट्रेमध्ये ठेवलाय. तुमच्या विश्वासातला मेकॅनिक घेऊन या आणि मापं स्वतः घ्या. ब्लॉकला ऑइल लावून प्लास्टिकमध्ये गुंडाळलाय, पण या पावसात बोअरला गंज धरायला वेळ लागत नाही, तेव्हा काय ते या आठवड्यात कळवा.