तुला काय, तुला कापून येतं!

परवा ताईकडे साताऱ्याला गेलो होतो. दाजींचं हार्डवेअरचं दुकान आहे. मार्चची १४ तारीख, म्हणजे ॲडव्हान्स टॅक्सच्या (आगाऊ भरायच्या इन्कम टॅक्सच्या) शेवटच्या हप्त्याची आदली संध्याकाळ. दाजी लॅपटॉपसमोर बसून चलन भरत होते आणि भरता भरता सरकारचा उद्धार चालला होता. दुकानासमोरचा खड्डा, दुपारची गेलेली लाइट, सगळं त्यात आलं. मी आपला सहज म्हणालो, "दाजी, टॅक्स मीपण भरतो की." तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुला काय, तुला कापून येतं!"

तेव्हापासून डोकं फिरलंय. कारण माणूस बरोबर बोलला. मी पडलो नोकरदार; मी टॅक्स भरतच नाही, माझा पगारातून कापला जातो. दाजी जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्च असे वर्षातून चार वेळा स्वतःच्या हाताने आकडा टाइप करतात, बटण दाबायच्या आधी एक सुस्कारा सोडतात, शिव्या घालतात आणि मोकळे होतात. मला ती शिवी घालायचीसुद्धा सोय नाही. कधी घालू? ३० तारखेला बँकेचा मेसेज येतो तोवर सगळं उरकलेलं असतं. पगाराच्या स्लिपची पीडीएफ उघडायला पासवर्ड काय, तर माझाच पॅन नंबर. माझ्या खिशातून किती गेले ते बघायलाही आधी पॅन दाखवा!

आणि मग लोकांना वाटतं, आपल्या पगारात हे पैसे नव्हतेच. लग्नाच्या बैठकीतसुद्धा विचारतात, "हातात किती येतो?" हातात न येता गेला त्याचं कुणाला सुतक नाही.

आता २०२३ ची गोष्ट ऐका. मी तेव्हा पुण्यात १६ हजार भाड्याने राहत होतो, ओल्ड रेजीममध्ये, म्हणजे घरभाड्यावर वगैरे सूट देणाऱ्या जुन्या करपद्धतीत होतो. जानेवारीत प्रूफ सबमिशन, म्हणजे त्या सुटीचे पुरावे ऑफिसला द्यायचे. घरमालक काकांच्या मागे लागून बारा पावत्या गोळा केल्या, त्यांचा पॅन मिळवला (त्यासाठी दोन रविवार चहा प्यायला जावं लागलं), सगळं स्कॅन करून पोर्टलवर चढवलं. आठवड्याने उत्तर आलं: रिजेक्टेड. का? नोव्हेंबरच्या पावतीवरचा रेव्हेन्यू स्टँप स्कॅनमध्ये स्पष्ट दिसत नाही! एक रुपयाचा स्टँप! त्यापायी बाराच्या बारा पावत्या बाद, अख्खा एचआरए, म्हणजे घरभाड्यावरची सूट, बाद. मी पोर्टलवर तक्रारीचं तिकीट टाकलं. 'विंडो बंद झाली आहे' असं लिहून त्यांनी तिकीट क्लोज केलं.

दर महिन्याला १५ हजारांच्या आसपास टीडीएस, म्हणजे पगारातून कापलेला टॅक्स, जायचा. फेब्रुवारीत गेला ३६,९८५. मार्चमध्ये पुन्हा तेवढाच. वर्षभराचा फरक दोन महिन्यांत वसूल! त्याच मार्चमध्ये मुलीची शाळेची फी आणि गाडीचा इन्शुरन्स. पेरोलच्या मुलाला फोन केला तर काय म्हणावं त्यानं? "सर, डोंट वरी, रिटर्न भरताना क्लेम करा, परत मिळेल." अरे, मिळेल म्हणजे? माझेच पैसे ना ते?

मिळाले. जुलैत रिटर्न भरलं, सप्टेंबरमध्ये ४३,६८० रुपये आणि वर व्याज १,३०८ रुपये जमा झाले. आणि मला लाज वाटते सांगायला, पण मेसेज बघून मी खूश झालो! ऑफिसात सगळे म्हणाले, रिफंड आला, पार्टी दे. दिली की! मिसळ आणि ताक, आठ जणांना. आपलंच पाकीट कुणीतरी सहा महिने वापरून परत केलं म्हणून आपण गावजेवण घालतोय. व्याजाचा दर महिन्याला अर्धा टक्का. आपल्याकडून ॲडव्हान्स टॅक्स थकला तर मात्र महिन्याला एक टक्का. आणि ते १,३०८ पुढच्या रिटर्नमध्ये 'इतर उत्पन्न' म्हणून दाखवा, त्यावर पुन्हा टॅक्स. माझे चारशे रुपये त्यातही गेले.

आता न्यू रेजीम आहे, त्या नव्या पद्धतीत भाड्याची सूटही नाही आणि प्रूफची कटकटही नाही, असं ऐकवू नका. कापणारा हात तोच आहे, आता पावती मागत नाही एवढंच.

आणि तो पीटी! प्रोफेशन टॅक्स. महाराष्ट्रात महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, कारण राज्यघटनेने वर्षाला २,५०० चीच मर्यादा घातली आहे आणि तो हिशोब असा जुळवलाय. सगळ्यात छोटा महिना, सगळ्यात मोठा पीटी. हा कशासाठी सुरू झाला, आमच्या मजल्यावर विचारलं. एकालाही माहीत नाही. १९७५ साली रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला आला होता तो! दुष्काळात खडी फोडणाऱ्याच्या मजुरीसाठी शहरातल्या पगारदाराने दिलेले पैसे. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी खुशीने दिले असते, छाती फुगवून दिले असते. पण सांगणार कोण? स्लिपवर दोन अक्षरं, पीटी. मी नोकरीची पहिली दोन वर्षं ते जिमचं काहीतरी असेल असं समजत होतो.

दाजींना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग दुकान टाक." ताईने पोहे आणले. दाजींनी चलनाची प्रिंट काढली, पंच मारून फाइलला लावली आणि फाइलवर दोनदा थोपटलं, जणू बैलाची पाठ. मी नुसता बघत बसलो. माझ्याकडे थोपटायला फाइलही नाही.