पेंड घालूनही दूध का उतरलं: आपल्या तक्रारीला उत्तर

नमस्कार भाऊ,

आमच्या पशुखाद्याच्या दुकानाला एक तारा देऊन आपण लिहिलंत की सरकी पेंड चालू असतानाही गाय आठ लिटरवरून सहावर आली, खोबऱ्याच्या पेंडीला वास येत होता, मिनरल मिक्स्चर गळ्यात मारलं, आणि ‘हे फक्त पोती खपवतात’.

वासाचं आधी. ते पोतं खवटच होतं. खोबऱ्याच्या पेंडीत तेल राहतं आणि आपल्या दमट हवेत ती लवकर बिघडते. पोतं फोडून हुंगल्याशिवाय मी ते द्यायला नको होतं. उरलेली पेंड गाईला घालू नका, पोतं आणून द्या, पैसे परत घ्या.

दुधाची गोष्ट वेगळी. त्यातही थोडी चूक माझी: किती दूध देते ते विचारलं, वैरण काय ते विचारलंच नाही. आपण शेवटी सहज लिहून गेलात, ‘घरचा पेंढा पोटभर असतो’. सगळं तिथेच अडलंय. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3 ते 4 टक्के. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, गवत दिवाळीनंतर बी झडल्यावर कापलं की तेही त्याच पंगतीला. गाय सात किलो पेंढा खाते तेव्हा तिला पाव किलोच्या आसपास प्रथिनं मिळतात, आणि त्यातलीही बरीचशी पचत नाहीत. आठ लिटर दूध आणि स्वतःचं अंग सांभाळायला तिला रोज किलोभर तरी लागतात. दोन किलो सरकी पेंडीतून साडेचारशे ग्रॅम आले. बाकीचे कुठून आणायचे तिने? काही दिवस अंगातून काढते, मग दूध आखडतं घेते. पावसानंतर बांधावरचं हिरवं होतं तोवर ही तूट दिसली नाही. मार्चमध्ये हिरवं संपलं, पेंड तेवढीच राहिली.

(कोकण कपिला, म्हणजे आपली कोकणातली देशी गाय, असती तर या पेंढ्यावरही तगली असती. पण ती दोन-तीन लिटरवर थांबते, आणि आपली गाय संकरित आहे.)

मिनरल मिक्स्चर म्हणाल तर भाताच्या पेंढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून इथे पेंढ्यावर असलेल्या प्रत्येक दुभत्या गाईला मी ते सांगतो. रोज 50 ग्रॅम. ते बंद करू नका.

आता पेंढा सुधारता येतो. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 40 ते 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थरावर थर शिंपडायचा, पायाने दाबायचा, ताडपत्रीखाली 21 दिवस हवाबंद ठेवायचा. उघडल्यावर वास उडू द्या आणि थोडा थोडा सवयीने चालू करा. प्रथिनं जवळजवळ दुप्पट होतात, पेंढा मऊ पडतो, गाय जास्त खाते. सहा महिन्यांखालच्या वासराला मात्र द्यायचा नाही. आणि युरिया कधीही थेट आंबोणात (भिजवलेल्या खुराकात) किंवा पिण्याच्या पाण्यात टाकू नका, जनावर बघता बघता दगावतं. पहिल्यांदा करताना पशुवैद्यकांना विचारून करा.

विहिरीला मे महिन्यात पाणी टिकत असेल तर दोन-चार गुंठे संकरित नेपिअर हे चाऱ्याचं गवत लावा, ठोंबं मी मिळवून देतो. कुंपणाला शेवरी असेल तर तिचा पाला तोडून घाला. सुबाभूळही चालते, पण हिरव्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच.

एवढं केलंत तर महिन्याला आमचं एखादं पोतं कमी जाईल. जाऊ दे.

दुकान सकाळी आठला उघडतं. येताना ते खवट पोतं आणि उडवीच्या (पेंढ्याच्या गंजीच्या) आतल्या पेंढ्याची एक पेंडी आणा. बुरशी आहे का तेही बघू.