जरा एकटं बसू द्या की

आमच्या घरात माणसं नऊ आणि आतून कडी लागणारं दार एकच, बाथरूमचं. (बेडरूमला पण कडी आहे, पण त्या दारामागे एवढे कपडे लटकलेत की ते दार लागतच नाही.) त्यामुळे मला पर्सनल स्पेस मिळते ती बादलीशेजारी, आणि तिथंही पाच मिनिटं झाली की थाप पडते, "अरे, पडलाबिडला नाहीस ना?" पडलो नाही हो, बादली पालथी घालून तिच्यावर मोबाईल बघत बसलोय, पण हे ओरडून सांगितलं तर तीही जागा जायची.

एडवर्ड हॉल नावाचा एक अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ होऊन गेला, त्याने १९६०च्या दशकात माणसामाणसातली अंतरं मांडली. दीड फुटाच्या आत फक्त अगदी जवळची माणसं, आणि दीड ते चार फूट हा आपला पर्सनल एरिया. हे वाचलं त्याच रात्री मी टेप काढली आणि मोजलं. माझं नाक ते पुतण्याची टाच, सात इंच. आणि हे तो निपचित असताना हां, पहाटे तीननंतर टाच थेट नाकावरच असते. टेप सर्रकन परत गेली त्या आवाजाने आजी जागी. "काय मोजतोस रे? कपाट करायचंय? मला एक कप्पा ठेव हो."

बरं, गप्प बसून बघावं तर तेही चालत नाही. परवा मी नुसता खिडकीशी बसलो होतो, काही न करता. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, झालं, तिथंच चुकलो, कारण आमच्याकडे "काही नाही" म्हणजे नक्कीच काहीतरी. दहा मिनिटांत माझ्याभोवती चार जण बसून मला एकटं का बसावंसं वाटतंय यावर चर्चा करत होते, आणि काका तर म्हणाले मोकळं व्हायचं असेल तर सगळ्यांसमोर बोल.

मग मला गच्ची सुचली. टाकीच्या मागे, वाळत घातलेल्या चादरींच्या आड दोन माणसं मावतील एवढी सावली आहे, कुणाला दिसत नाही, रेंजपण येते. काल दुपारी पाय न वाजवता वर गेलो, चादर बाजूला केली तर आत वहिनी, पुस्तक घेऊन, उशीला टेकून.

"भाऊजी, चारपर्यंत माझी वेळ आहे," ती पान उलटत म्हणाली. "चार ते पाच तुमचे दादा, मग आई. बाबा सकाळीच उरकतात."

"आणि मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"तुम्ही बाथरूम अडवून बसता ना, आम्हाला वाटलं तुमची सोय झालीये."