माझी सम आणि टॉवेलचा माग

पेटी विकून टाकायची, असे मी गेल्या कोजागिरीच्या रात्री साडेअकरा वाजता ठरवले. वेळ इतकी नेमकी आठवते, याचे कारण त्याच सुमारास मसाला दुधाचे पातेले गच्चीवर आले आणि मी भूप रागाची द्रुत गत वाजवत असताना समोरच्या पन्नास-साठ माणसांनी एकदम टाळ्या वाजवल्या. चौदा वर्षांत मला मिळालेल्या या पहिल्या उत्स्फूर्त टाळ्या होत्या, आणि मी मान लववून त्यांचा स्वीकारही केला. पातेले माझ्या पाठीमागून येत होते, हे मला नंतर कळले.

मी सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या कार्यालयात मुख्य लिपिक आहे. आयुष्यात कोणाला काही शिकवलेले नाही, तरी गल्ली मला ‘सर’ म्हणते आणि मीही ते कधी दुरुस्त केलेले नाही. पेटी मी अडतिसाव्या वर्षी शिकायला लागलो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेला मी दुसरी-तिसरीतल्या मुलींच्या रांगेत उभा होतो, तेव्हा परीक्षकांनी मला अत्यंत आदराने विचारले, “पाल्य कुठे आहे आपले?” तरीही मी नेटाने प्रवेशिका पूर्णपर्यंत गेलो. प्रमाणपत्राला चौकट करून ते दिवाणखान्यात लावले. पुढे मध्यमेचा अर्जही आणला होता. तो अजून कपाटात आहे, आणि त्यावरचे शुल्क तेवढे जुने झाले आहे.

आमचे घर शहराच्या पूर्व भागात आहे आणि घराच्या भिंतीला भिंत लावून आठ यंत्रमागांचा एक कारखाना होता. परगावच्या लोकांना सोलापूर म्हटले की चादर आठवते, पण भौगोलिक मानांकन आमच्या चादरीला आहे तसे टॉवेललाही आहे, आणि भिंतीपलीकडे निघत ते टॉवेल. कामगार मालकाशी तेलुगूत बोलत, माझ्याशी मराठीत बोलत आणि माग अडला म्हणजे मागाशी कन्नडात बोलत. आवाजाबद्दल माझ्या बायकोची कायम तक्रार असे. माझी कधीच नव्हती. कार्यालयातून आलो, चहा आणि शेंगाचटणी लावलेली अर्धी कडक भाकरी पोटात गेली, की मी पेटी घेऊन त्या भिंतीला पाठ टेकून बसत असे. पलीकडे धोटा येरझाऱ्या घाली, फणी ठोके देई, आणि त्या आवाजावर स्वार होऊन मी तीनताल असा काही वाजवत असे की माझे मलाच कौतुक वाटे. तबल्याचे यंत्र घ्यावे, फोनवर ठेका लावावा, असे मला चौदा वर्षांत एकदाही वाटले नाही. वीज गेली की माग थांबत आणि मीही थांबे. अंधारात वाजवणे बरे दिसत नाही, असे मी त्याचे कारण सांगत असे.

गेल्या श्रावणात मालकांनी माग उचलून अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत नेले. पहिल्या संध्याकाळी घरात इतकी शांतता झाली की शेजारच्या घरातली लसणाची फोडणी ऐकू आली. मी नेहमीप्रमाणे बसलो आणि वाजवले. तिसऱ्या दिवशी बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने काळजीने विचारले, “अहो, पेटीला काही झालंय का?” मी म्हणालो, “नाही. का?” ती थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, “मग हे आधीपासूनच असं होतं?”

एवढा स्पष्ट इशारा मिळूनही मी कोजागिरीचा कार्यक्रम स्वीकारला, याचा दोष मी कोणाला देत नाही. तबल्याला गल्लीतलेच एक काका होते, एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले. माणूस मोठा सज्जन. अख्ख्या कार्यक्रमात त्यांनी तोंडावरची रेघ हलू दिली नाही. मी भूप घेतला होता. मध्येच माझा धैवत लागून राहिला. पट्टीवरून बोट काढले तरी ‘ध’ वाजतच होता. भूप आणि देशकार यांचे स्वर तेच पाच आहेत, सा रे ग प ध. भूपात सत्ता गंधाराची असते आणि देशकारात धैवताची. भूप रात्रीचा राग आहे आणि देशकार सकाळचा. माझ्या पेटीने या दोहोंतली सीमा कोजागिरीच्या चांदण्यात पुसून टाकली, तेव्हा पहिल्या रांगेतले एक जाणकार आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, “सकाळ लवकर झाली म्हणायची.” ते मला ऐकू आले, कारण गच्चीवरही माग नव्हता.

दूध पिताना वाहक काकांनी मला बाजूला घेतले. “सर, सम म्हणजे तालाची फेरी जिथनं सुरू होते ती पहिली मात्रा, म्हणजे थांबा असतोय,” ते म्हणाले. “तुम्ही पहिल्यांदा गाडी थांबायच्या आधी उडी टाकलाव. दुसऱ्यांदा त्याच्याही आधी. तिसऱ्यांदा बरोबर थांब्यावर उतरलाव. मग परत पहिल्यापासनं. दर तीन फेऱ्यांला असंच. एवढं नेमानं चुकणारा माणूस मी तर बघितला नाही बगा.” त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, तिकिटांचा हिशेब रोज जुळवलेल्या माणसाचे निखळ कुतूहल होते. घरी आल्यावर भाच्याने फोनवर घेतलेले ध्वनिमुद्रण मला ऐकवले. मी ते एकदाच ऐकले. आपलाच आवाज दुसऱ्याच्या फोनमधून ऐकला की ओळखू येत नाही, असे म्हणतात. माझे वादन मला लगेच ओळखू आले.

यामागचे गूढ उकलले ते दिवाळीनंतर. त्या कारखान्यातला एक जुना कामगार चहाच्या टपरीवर भेटला आणि मी सहज विचारले, की टॉवेलचा माग आणि साधा माग यांत फरक काय. त्याने टेबलावर बोटे आपटून दाखवले. टॉवेलला आडवा धागा एक टाकायचा, दुसरा टाकायचा, पण फणी पुरती पुढे न्यायची नाही. हे दोन्ही जरा अलीकडेच ठेवायचे. तिसरा टाकला की फणी पूर्ण पुढे, आणि तिन्ही धागे एकदम ठोकून बसवायचे. ताण्यातले काही धागे सैल सोडलेले असतात, त्यांचे त्या ठोक्याने फास उठतात. तेच फास आपले अंग पुसतात. “एक, दोन, *धाड*. एक, दोन, *धाड*,” तो म्हणाला. “दिवसभर हेच की, सर.”

मी टपरीवरच कागद मागितला. हिशेब हा माझा धंदा आहे. तीनतालाच्या मात्रा सोळा, आणि सोळाला तीनने भाग जात नाही. चौदा वर्षे मी ती ‘धाड’ सम समजून तिच्यावर येऊन पडत होतो, आणि त्यासाठी दोन आवर्तने पंधरा-पंधरा मात्रांची व तिसरे अठरा मात्रांचे करत होतो. बेरीज अठ्ठेचाळीस, म्हणजे बरोबर तीन आवर्तने. वाहक काकांचे निरीक्षण पैशापैशाने खरे होते. माझ्याजवळ लय म्हणून जे काही होते ते सगळे उसने होते, आणि ज्याचे होते तो ते टेम्पोत भरून एमआयडीसीला घेऊन गेला होता.

आता सोडायचे, हे पक्के झाले. मी ते रात्री जेवताना जाहीर केले आणि थोडा थांबलो. अशा प्रसंगी घरच्यांनी ‘असं नका करू’ असे एकदा तरी म्हणायचे असते. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्हाला जे योग्य वाटेल ते.” बायको म्हणाली, “त्या जागेवर ज्वारीची कोठी बसेल.” तिने ते माप आधीच घेतलेले होते. मग मी पेटीच्या बदनामीतून आपली सुटका होते का, ते पाहिले. म्हणालो, “तसा दोष वाद्यातही आहे. पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, निघत नाही; दोन सुरांमधल्या बारीक श्रुती धरता येत नाहीत. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली होती, ती १९७१ पर्यंत होती.” बायकोने आमटी वाढता वाढता विचारले, “मग उठवली कशाला?”

त्यानंतर दोन महिने मी पेटीला हात लावला नाही. हा काळ निवडण्यात माझी चूक झाली, असे आता वाटते, कारण आमच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी नंदीध्वज पेलण्याचा सराव नेमका याच दिवसांत चालतो. रात्री जेवण झाल्यावर रस्त्याने चाललेली ती माणसे पाहावीत: कमरेच्या पट्ट्यात ते उंच, जड काठीचे ध्वज रोवून, तोल सांभाळत, घामाघूम होऊन ती पुढे जात असतात, आणि आपण अकरा किलोची पेटी झेपत नाही म्हणून खिडकीत उभे असतो. मी खिडकी लावून घेऊ लागलो.

संक्रांत झाली, यात्राही पार पडली, आणि एका रविवारी मी पेटी रिक्षात घालून नवी पेठेमागच्या बोळात एका वृद्ध कारागिराकडे गेलो. ते जुन्या पेट्या घेतात आणि दुरुस्त करून विकतात. पेटी बघून ते म्हणाले, “वाजवून दाखवा.” मी म्हणालो, “मी वाजवत नाही.” हे वाक्य मी पहिल्यांदाच उच्चारत होतो आणि ते फार सुरेख लागले, एकही मात्रा कमी-जास्त झाली नाही. मग त्यांनी स्वतःच भाता मारला. पाच मिनिटे ते वाजवत होते. माझ्याच पेटीतून असे काही बाहेर पडत होते की मला तिची भीती वाटली. चौदा वर्षे ही बाई घरात होती आणि तिने मला हे कधी सांगितले नव्हते.

‘ध’ मात्र त्यांच्याकडेही लागून राहिला. त्यांनी वरची फळी काढली, पट्ट्या उचलल्या आणि चिमट्याने आतून काही तरी ओढून काढले. बोटभर लांबीचा तंतूंचा गोळा होता, गुलाबी, निळा, थोडा पांढरा. चौदा वर्षांचे टॉवेल. तो धैवताच्या पट्टीखाली बसल्याने झडप पुरती मिटत नव्हती आणि हवा सुराकडे जातच राहत होती. बाकीच्या सुरांवरही धूळ होती. त्यांनी पितळेचे दोन-चार सूर कानसून जुळवले. सुराचे टोक घासले की स्वर चढतो आणि बूड घासले की उतरतो, असे त्यांनी मला दाखवले. माझ्या आत्मविश्वासाला लोकांनी कुठल्या बाजूने कानस लावली, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

“म्हणजे दोष पेटीचा होता,” मी शक्य तितक्या सहज म्हणालो.

“धैवताचा पेटीचा,” ते म्हणाले. “दुसरं काही चुकत होतं का?”

“सम.”

त्यांनी पेटीत पुन्हा एकदा वाकून पाहिले, अगदी गंभीरपणे, आणि फळी बसवत म्हणाले, “सम हिच्यात नसते.”

किंमत त्यांनी साडेतीन हजार सांगितली आणि साफसफाईचे दीडशे. मी दीडशे दिले. ज्या वस्तूवर आत्ताच दीडशे रुपये खर्च केले ती त्याच क्षणी विकणे लेखापरीक्षणात टिकत नाही. घरी आल्यावर बायकोला हे पटले नाही. ज्वारीची कोठी तोवर जागेवर आली होती, म्हणून पेटी बोळकांडीत, पाण्याच्या मोटारीच्या शेजारी ठेवण्यात आली.

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येते आणि येण्याची वेळ ते आपल्या मर्जीने ठरवते. त्या आठवड्यात ते पहाटे चारला आले. हौद भरला की मोटार लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचे आणि टाकी भरेपर्यंत कोणी तरी जागे राहायचे; आमच्या घरात तो कोणी तरी मीच असतो. मी बोळकांडीत पेटीवर बसलो होतो, बसायला दुसरे काही नव्हते. विजेचा प्रवाह सेकंदाला पन्नास आवर्तने घेतो आणि मोटार त्याच्या दुप्पट, म्हणजे शंभर कंपनांनी गुणगुणते. हे मला माहीत होते. पण पहाटे चारला सगळ्या गल्लीच्या मोटारी एकाच वेळी चालू असतात आणि त्या सगळ्या एकाच सुरात असतात, हे मी कधी ऐकलेच नव्हते. मी उठलो, पेटी उघडली आणि तो सूर शोधू लागलो. तो पांढरी पाच या पट्टीच्या किंचित वर निघाला. तिच्या लगतच्या काळी चारपर्यंत काही पोहोचत नव्हता. दोहोंच्या मध्ये पेटीत काहीच नसते. १९४० साली त्यांना हेच म्हणायचे असावे.

मी पांढरी पाचचा सा धरला. जुळत नव्हते, तरी पोटात काही गलबलल्यासारखे दोन्ही आवाज एकमेकांत हेलकावत होते. त्यावर हळूच गंधार, मग पंचम, मग धैवत. धैवत बोट काढताच थांबला, म्हणून तो पुन्हा दोनदा घेऊन पाहिला. ताल नव्हता. मोटारीला सम नसते, त्यामुळे मला कुठेही उतरायचे नव्हते. भूप होता की देशकार, ते मी ठरवले नाही; वेळ दोघांचीही नव्हती. किती वेळ गेला, कळले नाही.

तेवढ्यात समोरच्या घराची खिडकी उघडली आणि अंधारातून मावशींचा आवाज आला, “अहो सर, काय करलालाव? बंद करा की ते! वीस मिनिटं झाली!”

मी हात तसाच पट्ट्यांवर ठेवून विचार केला. मोटार स्त्रीलिंगी आहे, पेटीही स्त्रीलिंगी आहे. त्यांपैकी काही असते तर त्या ‘ती’ म्हणाल्या असत्या. ‘ते’ म्हणजे गच्चीवरून त्यांच्या अंगणात पडणारे पाणी तरी असणार किंवा माझे वाजवणे तरी. दोन्ही वीस मिनिटे चालू होते, आणि व्याकरणाने यापुढे मदत करण्यासारखे काही उरले नव्हते.

मी मोटार बंद केली.