आहेर कोण लिहून घेतंय?

गेल्या शनिवारी माझ्या पहिल्या कादंबरीचे प्रकाशन झाले. सभागृह भरले होते, वडे कमी पडले नाहीत, समई शेवटपर्यंत तेवत राहिली, आणि तरीही त्या संध्याकाळची आठवण झाली की माझ्या कपाळाची शीर उडते; कारण त्या भरल्या सभागृहात माझ्या किंवा सासरच्या ओळखीची नसलेली अशी एकच व्यक्ती होती आणि नेमकी तीच माझी सही न घेता निघून गेली. ती का गेली हे मला ठाऊक आहे. त्या कारणाचे वय एक्याऐंशी आहे, ते नात्याने माझे चुलतसासरे लागते आणि घरात त्याला बापूकाका म्हणतात.

पुण्यात पुस्तकाचे प्रकाशन करणे हे कादंबरी लिहिण्यापेक्षा बरेच खर्चिक काम आहे. कादंबरी मी बँकेतून घरी आल्यावर, कुकर लावून झाला की जेवणाच्या टेबलावर लिहीत असे. तिला वीज आणि चहा यांपलीकडे काही लागले नाही. प्रकाशनाला मात्र नवी पेठेतल्या सभागृहाचे भाडे, बॅनर, शाली, श्रीफळे, पाहुण्यांची रिक्षा आणि अल्पोपाहार एवढे लागले, आणि 'हे सगळं लेखकाकडे असतं' ही गोष्ट प्रकाशकांनी मला वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांनी याद्या करताना बोलावे तशा निर्विकार सुरात सांगितली. निमंत्रणपत्रिका तेवढी त्यांच्याकडून आली. तिच्यात 'सहकुटुंब, सहपरिवार उपस्थित राहून कार्यक्रमाची शोभा वाढवावी' असे छापले होते आणि माझ्या सासरच्या मंडळींनी ते अक्षरशः मनावर घेतले.

तोपर्यंत घरात कादंबरीचे स्वागत आपापल्या परीने झाले होते. सासूबाईंनी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत फक्त सासू कुठे कुठे येते ते पाहिले, ती सातव्या प्रकरणातच वारते हे कळल्यावर पुस्तक मिटले आणि दोन दिवस माझ्याशी बेताचेच बोलल्या. नणंदेने 'अगं, पीडीएफ टाक ना ग्रुपवर, सगळ्यांनाच वाचता येईल' असे सुचवले. नायिका नवऱ्याला सोडून रत्नागिरीला एकटी राहायला जाते म्हणून निम्म्या नातेवाइकांनी माझ्या नवऱ्याला फोन करून 'सगळं ठीक आहे ना' अशी चौकशी केली. त्यानेही प्रत्येकाला 'हो हो, अजून आहे घरातच' असे उत्तर दिले आणि ते कोणाबद्दल हे स्पष्ट केले नाही.

समारंभाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. चकचकीत कागदात गुंडाळलेल्या पुस्तकांच्या रिबिनीची गाठ सुटेना म्हणून कोणीतरी किल्ली दिली, मग सर्वांनी पुस्तके छातीशी धरून फोटो काढले. अध्यक्षांनी मलपृष्ठावरचा मजकूर वाचलेला होता. त्यांनी १८५७ सालच्या 'यमुनापर्यटना'पासून आरंभ केला, त्याही कादंबरीत स्त्रीचे दुःख आहे आणि याही कादंबरीत ते असल्याचे समजते असा दुवा जोडला, तेथून १८७८ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात भरलेल्या ग्रंथकारांच्या संमेलनाकडे वळले आणि ते हरिभाऊ आपट्यांपर्यंत पोहोचले तेव्हा सभागृहाचा रखवालदार दारात किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा राहिला. माझ्या मनोगताला त्यामुळे चार मिनिटे मिळाली. त्यातली एक मिनिटभर माइक बंद होता.

खरा कार्यक्रम बाहेर, पुस्तकविक्रीच्या टेबलापाशी झाला, आणि तो बापूकाकांनी केला.

बापूकाका पाटबंधारे खात्यात लेखा शाखेत होते आणि तेवीस वर्षांपूर्वी निवृत्त झाले असले तरी त्या खात्याला हे नीटसे कळवण्यात आले असावे असे वाटत नाही. कार्यक्रम सहाचा असताना ते पाचलाच आले होते. त्यांच्या एका हातात पाकीट होते आणि दुसऱ्या हातात शंभर पानी वही.

"सूनबाई, आहेर कोण लिहून घेतंय?"

"काका, आहेर नाही हो. पुस्तकाचं प्रकाशन आहे."

"पत्रिकेत 'आहेर आणू नये' असं कुठं आहे? मी भिंग घेऊन दोनदा वाचली."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तसे खरोखरच कोठे छापलेले नव्हते. मी गप्प बसले याचा अर्थ त्यांनी आहेर लिहून घेणारे कोणी नाही एवढाच घेतला, विक्रीच्या टेबलामागे प्रकाशकांच्या माणसाशेजारी खुर्ची ओढली, वहीच्या पहिल्या पानावर 'श्री' काढले, समास आखला आणि पहिली नोंद स्वतःच्या नावाने एकशे एक रुपयांची केली. त्यानंतर जो कोणी त्या टेबलाशी येई त्याला ते चष्म्यावरून पाहत आणि 'नाव?' असे विचारत. माणूस पुस्तक घ्यायला आलेला असे. पण समोर वही, पेन आणि वडीलधारे माणूस दिसल्यावर मराठी माणसाचा हात आपोआप खिशातल्या पाकिटाकडे जातो आणि त्यातून एकावन्न नाहीतर एकशे एक रुपये निघतात. हे पैसे मिळताच बापूकाका परतीचा आहेर म्हणून शेजारच्या गठ्ठ्यातले एक पुस्तक उचलून त्याच्या हातात देत. प्रकाशकांचा माणूस नवा होता आणि बिचाऱ्याला हे घरचे कोणीतरी मोठे आहेत एवढे दिसत होते. तो मुकाट्याने कागदावर रेघा मारत राहिला आणि अशा प्रत्येक पुस्तकाचे बिल त्याने नंतर माझ्या नावावर लावले. साडेतीनशे रुपयांचे पुस्तक मला लेखक म्हणून चाळीस टक्के सवलतीत, म्हणजे दोनशे दहाला पडते. त्यामुळे माझ्या बँकेतल्या सहकाऱ्यांनी मोठ्या प्रेमाने दिलेल्या प्रत्येक एकशे एक रुपयांमागे मी एकशे नऊ रुपये गमावले, आणि ज्यांनी एकावन्न दिले त्यांचा हिशेब मी करायचा नाही असे ठरवले आहे. प्रकाशनानिमित्त हेच पुस्तक अडीचशेला ठेवले असल्याचा फलक त्यांच्या खुर्चीमागे होता. त्यावर त्यांनी आपली पिशवी अडकवली होती.

स्वतःसाठी परतीचा आहेर घेताना मात्र त्यांनी मला बोलावून घेतले. मी पेन उघडले.

"सही नको, सूनबाई. सही केली की पुस्तक वापरलेलं होतं."

"मग?"

"रविवारी साताऱ्याला मुंज आहे, तुझ्या काकूंच्या भाचीच्या मुलाची. म्हटलं, बटूला पुस्तक द्यावं. हल्ली मुलं काही वाचत नाहीत."

"काका, ही कादंबरी घटस्फोटावर आहे."

"असं? मग शेवटी होतो का?"

"काय?"

"घटस्फोट."

"होतो."

"छान. म्हणजे उगाच लांबवलेलं नाही."

"पण बटू आठ वर्षांचा असेल ना!"

"अगं, तो कुठं वाचतोय? त्याचे आईवडील वाचतील. त्यांचंही तेच चाललंय."

एवढे बोलून त्यांनी मलपृष्ठ उलटून पाहिले, किंमत वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर माझ्या लेखनाबद्दलचा पहिला आदर उमटला. "साडेतीनशे! अरे वा! आणि छापलेली आहे, म्हणजे त्यांनाही दिसेल."

ती मुलगी याच वेळी टेबलाशी आली. पंचविशीची असेल. कादंबरीतले एक प्रकरण गेल्या वर्षी एका दिवाळी अंकात आले होते, ते वाचून ती भोसरीहून दोन बस बदलून आली होती. हे सगळे तिने मला नव्हे, बापूकाकांना सांगितले, कारण टेबलाशी त्यांना ओलांडून कोणाला माझ्यापर्यंत येता येत नव्हते. तिने अडीचशे रुपये मोजून दिले होते, पुस्तकाचे पहिले पान उघडून धरले होते आणि ती 'मॅडम, एक मिनिट' असे म्हणत होती.

"तुम्ही कुणाकडच्या?" बापूकाकांनी विचारले.

"कुणाकडची नाही, आजोबा. मी वाचक आहे."

"ते झालं. पण कुणाकडून?"

"कुणाकडूनच नाही. प्रकरण वाचलं होतं, म्हणून आले."

"म्हणजे पत्रिका नव्हती?"

मी मध्ये बोलणार तोच माझ्या आत्तेसासूबाईंनी मला दंडाला धरून वळवले, कारण सगळ्या सुनांचा एकत्र फोटो राहिला होता. तो काढणाऱ्या भाच्याचा फोन भरलेला होता आणि त्याने जुने फोटो एकेक करून पुसेपर्यंत आम्ही सातजणी हसऱ्या चेहऱ्याने उभ्या होतो. तेवढ्यात त्या मुलीने घड्याळाकडे पाहिलेले मला दिसले, शेवटची बस असावी. 'राहू द्या, नंतर कधीतरी' असे ती म्हणाल्याचे प्रकाशकांच्या माणसाने सांगितले. वही मी रात्री घरी आल्यावर पाहिली. त्यात शेवटून तिसरी नोंद अशी होती: 'एक मुलगी, कोणाकडचीही नाही. आहेर निरंक.'

आता यात चिडण्यासारखे काय आहे, असे माझ्या नवऱ्याने विचारले, आणि माणसे प्रेमानेच आली होती हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे. पण प्रेमाने आलेल्या त्या माणसांपैकी कितीजणांनी ते पुस्तक उघडले असेल, हे त्याने मला सांगावे. २०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे लोक आठ कोटी तीस लाख होते, माझी पहिली आवृत्ती पाचशे प्रतींची आहे, आणि ती तीन वर्षांत संपली तर पेढे वाटू असे प्रकाशक म्हणतात. साडेतीनशे रुपयांत डेक्कनवर दोन माणसांचे धड जेवण होत नाही. तरी गल्ल्यावरच्या माणसाला 'घरच्यांना काय भाव' असे विचारणारा पुणेकर मी अद्याप पाहिलेला नाही. पुस्तकाच्या बाबतीत मात्र लेखक ओळखीचा असणे हेच ते विकत न घेण्याचे सर्वमान्य कारण आहे. अनोळखी लेखकाचे पुस्तक तर लोक अनोळखी म्हणून घेत नाहीत, तेव्हा नेमके कोणाचे घेतात हे कळायला मार्ग नाही. पुस्तकाची प्रत कोणाला फुकट द्यावी यासाठी आपल्याकडे १९५४ सालचा कायदा आहे. त्यानुसार प्रकाशकाने तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक आणखी तीन ग्रंथालयांना पाठवायची असते. चारच प्रती. त्या कायद्यात चुलतसासरे, नणंदा, शेजारी आणि नवऱ्याचे शाळासोबती यांचा उल्लेख नाही.

सोमवारी सकाळी बापूकाकांचा फोन आला. मुंज उत्तम झाली, जिलबी जरा जाड होती. "पण तुझ्या पुस्तकानं घोळ केला, सूनबाई. बटूचा बाप मांडवातच वाचत बसला. भिक्षावळीला हाका मारमारून थकलो. फोटोत बघ, सगळे बटूकडे बघतायत आणि हा खाली मान घालून."

"त्यांना आवडली का?"

"काही बोलला नाही. जाताना बायकोला म्हणाला, तू पण वाच."

मला खोटे सांगायचे नाही. दहा मिनिटे मी फार आनंदात होते. नंतर लक्षात आले की कादंबरी वाचल्याची मला खात्री असलेला हा एकमेव माणूस आणि त्यानेही ती फुकट वाचली, शिवाय त्याच्या प्रतीचे एकशे नऊ रुपये माझ्याच खात्यातून गेलेले आहेत.

फोन मुळात वेगळ्याच कामासाठी होता. बापूकाका त्यांच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे खजिनदार आहेत आणि संघाने माझा सत्कार करायचे ठरवले आहे. मी अर्धा तास बोलायचे, विषय 'माझी लेखनप्रक्रिया' किंवा 'सांधेदुखी आणि सकारात्मक विचार' यांपैकी कोणताही चालेल, कारण त्या दिवशीचे डॉक्टर येणार नाहीत असे कळले आहे. मानधनाची तरतूद नाही, नारळ आहे. "आणि येताना साठ-सत्तर पुस्तकं घेऊन ये. सभासदांना सप्रेम भेट. तेवढंच तुझं नाव होईल."

मी म्हणाले की येईन, पुस्तकेही आणीन; छापील किंमत साडेतीनशे आहे, संघासाठी अडीचशे, आणि वही व पेन मी माझ्याजवळ ठेवणार. पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता.

"कार्यकारिणीत विचारून सांगतो," बापूकाका म्हणाले. आज गुरुवार आहे. विचारणे चालू असावे.