आधी इशारा, मग मोडतोड: व्ह्यू ३ वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप नेमका आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. मी लेखात म्हटलं होतं, की फ्रेमवर्कची (अ‍ॅपचा तयार सांगाडा देणाऱ्या कोडची) पुढची पिढी आखताना नवं एपीआय (कोडमधून हाक मारायच्या सुविधा) आणि जुन्याबद्दलचे इशारे आधी चालू आवृत्तीतच द्यावेत. मोठ्या आवृत्तीत फक्त जुनं काढून टाकावं. तुम्ही म्हणता हे पुस्तकी आहे: व्ह्यू या जावास्क्रिप्ट फ्रेमवर्कच्या ३ ऱ्या आवृत्तीचा गाभाच प्रॉक्सीवर (मूळ ऑब्जेक्टपुढे उभं राहून त्याचं वाचन-बदल टिपणाऱ्या वेष्टनावर) नव्याने लिहिला गेला, तेव्हा व्ह्यू २ इशारे देणार कुठून? शिवाय कंपॅट बिल्ड (व्ह्यू २ सारखं वागणारं व्ह्यू ३) दिलं होतंच.

प्रॉक्सीपुरतं तुमचं म्हणणं मान्य. व्ह्यू २ मूळ ऑब्जेक्टमध्येच गेटर-सेटर (किंमत वाचताना-बदलताना चालणारी फंक्शन्स) बसवायचं. व्ह्यू ३ मध्ये मूळ ऑब्जेक्ट तसाच राहतो आणि हातात येते ती त्याची प्रॉक्सी. दोन्हींची काटेकोर तुलना केली तर ते वेगळे ठरतात. जुनी आवृत्ती याचा इशारा देऊ शकत नाही. प्रॉक्सीला पुरेसा पॉलिफिल (जुन्या ब्राउझरला नवी सुविधा पुरवणारा कोड) नसल्याने इंटरनेट एक्स्प्लोरर ११ चा आधारही सुटला.

पण अपग्रेडच्या वेळी लोकांचा कोड कुठे मोडला ते पाहा. टेम्प्लेटमध्ये मजकूर सजवणारे फिल्टर गेले. इव्हेंट बससाठी (कंपोनंट म्हणजे स्क्रीनच्या घटकांमध्ये निरोप पोचवण्यासाठी) वापरले जाणारे ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ गेले. स्क्रीनवर काय दिसावं ते कोडमधून सांगणाऱ्या रेंडर फंक्शनमधलं ‘अ‍ॅट्रस’, ‘प्रॉप्स’, ‘ऑन’ असं कप्पेबंद डेटा ऑब्जेक्ट सपाट झालं. कंपोनंटवरच्या व्ही-मॉडेलचा (किंमत दोन्ही बाजूंनी जुळती ठेवणाऱ्या सोयीचा) प्रॉप, म्हणजे बाहेरून मिळणारी किंमत, ‘व्हॅल्यू’ऐवजी ‘मॉडेलव्हॅल्यू’ झाला. यातल्या एकाचाही प्रॉक्सीशी संबंध नाही. व्ही-मॉडेलचं तर साधन आधीपासून हाताशी होतं: २.२ पासून ‘मॉडेल’ हा पर्याय देऊन प्रॉप आणि इव्हेंट या दोन्हींची नावं बदलता येत होती. नवी नावं आधीच रुळवून जुन्यांवर इशारा लावता आला असता.

सगळ्यात मोठा पुरावा व्ह्यू २.७ चा. त्या आवृत्तीने कंपोझिशन एपीआय (कंपोनंट फंक्शनांतून लिहिण्याची व्ह्यू ३ ची नवी पद्धत) आणि तिचं आटोपशीर रूप ‘स्क्रिप्ट सेटअप’ व्ह्यू २ च्या जुन्या गेटर-सेटरवरच चालवून दाखवलं. मर्यादा राहिल्या: नवी प्रॉपर्टी जोडायला ‘व्ह्यू.सेट’ लागायचंच, आणि ‘क्रिएटअ‍ॅप’ आलं नाही, कारण व्ह्यू २ मध्ये प्रत्येक अ‍ॅपचा वेगळा आवाका नाही. तरी बाकीचा मोठा भाग जमला. फक्त तो आला १ जुलै २०२२ ला, आणि ३.० आली होती १८ सप्टेंबर २०२० ला. मधल्या काळात वेगळं कंपोझिशन एपीआय प्लगइन होतं, पण त्याचा इम्पोर्ट वेगळ्या पॅकेजमधून व्हायचा. त्यामुळे लायब्ररीचा एकच सोर्स दोन्हीकडे जसाच्या तसा चालेना आणि व्ह्यू-डेमीसारखा मधला थर लागला.

कंपॅट बिल्ड ३.१ सोबत, जून २०२१ मध्ये आलं. त्याची रचना मला मनापासून आवडते: प्रत्येक जुन्या वर्तनाला स्वतंत्र फ्लॅग, एकेक बंद करत जायचं. अ‍ॅरेवरचा वॉचर (बदलावर नजर ठेवणारं फंक्शन) आता ‘डीप’शिवाय पुश टिपत नाही, त्यालाही फ्लॅग आहे. पण व्हीनोडच्या (स्क्रीनच्या घटकाच्या व्ह्यूने मनात ठेवलेल्या आराखड्याच्या) खासगी प्रॉपर्टींना हात घालणाऱ्या लायब्ररींपुढे कंपॅट हतबल ठरतं, आणि व्ह्यूटिफाय, क्वासार, एलिमेंट यूआय या तयार घटकांच्या लायब्ररी वापरणाऱ्यांना अधिकृत मार्गदर्शिकेचाच सल्ला होता की थांबा. व्ह्यूटिफाय ३ स्थिर झालं २०२२ च्या अखेरीस. व्ह्यू २ चा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. म्हणजे अशा अ‍ॅपच्या टीमला हाती जेमतेम वर्षभर मिळालं.

आता सिम्फनी हे पीएचपीचं फ्रेमवर्क पाहा. २०११ ची सिम्फनी २ म्हणजे संपूर्ण पुनर्लेखन होतं. १ वरून सरळ वाट नव्हती. पुढच्या खेपेला त्यांनी क्रम बदलला. २.८ आणि ३.० नोव्हेंबर २०१५ मध्ये एकाच दिवशी आल्या; सुविधा त्याच, ३.० मधून फक्त कालबाह्य ठरवलेला कोड वगळलेला. २.८ वर या, टेस्ट चालवा, पीएचपीयुनिट ब्रिजने (टेस्ट चालवताना असे इशारे गोळा करणाऱ्या सिम्फनीच्या साधनाने) मोजलेले इशारे शून्यावर आणा, मग आकडा बदला. पॅकेजकर्त्याला कंपोझरमध्ये (पीएचपीची पॅकेजं आणणाऱ्या साधनात) २.८ आणि ३.० दोन्ही लिहून एकच कोडबेस ठेवता येतो. ब्रिज आता इशाऱ्यांची विभागणीही करतो: तुमच्या कोडचे, तुम्ही थेट ओढवलेले, आणि एका पॅकेजने दुसऱ्याला हाक मारून आलेले. तिसऱ्या प्रकारात तुम्ही काही करू शकत नाही, त्या पॅकेजची नवी आवृत्ती यावी लागते. कुणासाठी थांबायचं हे कळणं आखणीत फार मोलाचं.

अशा मधल्या आवृत्तीला माणसं आणि महिने लागतात, हे खरं. म्हणूनच ती नव्या गाभ्याच्या आधी आखावी. नंतर त्याच माणसांना दोन्ही शाखा सांभाळाव्या लागतात. प्रॉक्सीसारख्या, इशारा देता न येणाऱ्या बदलांसाठी फ्लॅग पहिल्या दिवसापासून हवेत. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या चार-पाच लायब्ररींच्या टेस्ट अल्फापासूनच सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेत) चालवाव्यात. आणि एनपीएमचा (जावास्क्रिप्ट पॅकेजच्या भांडाराचा) ‘लेटेस्ट’ टॅग, म्हणजे आवृत्ती न सांगता मागितल्यास काय मिळावं याची खूण, सगळ्यात शेवटी हलवावा. व्ह्यूने तो ७ फेब्रुवारी २०२२ पर्यंत रोखून धरला, हे योग्यच केलं. तरीही तुमच्या पानांत आवृत्ती न लिहिलेली सीडीएनची (फाइल पुरवणाऱ्या सार्वजनिक सर्व्हरची) लिंक असेल तर तिच्यात आजच नेमकी आवृत्ती लिहून टाका, आणि व्ह्यू २ च्या प्रकल्पात व्ह्यूच्या राउटर या पॅकेजची आवृत्ती ३ वर स्पष्टपणे अडकवा. नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं तर व्ह्यू २ वर न चालणारी आवृत्ती येते.